यमुनाक्काचे दोन शब्द

"तुम्ही कुंदाला क्लासला जाऊ नको म्हणालात?"

अजून दोन पायऱ्या बाकी होत्या, तेवढ्यात आवटे सरांनी विचारून टाकलं. धाप लागलेली, शर्ट पाठीला चिकटलेला आणि काखेत कागदांची पिशवी.

यमुनाक्का रांजणाभोवतीचं गोणपाट ओलं करत होती. तिनं मान वर केली.

"हो. म्हणाले मी तसं."

"का?"

"पाणी प्या आधी."

"मी पाणी प्यायला आलेलो नाही."

"ते दिसतंय," आक्का म्हणाली. "तरी प्या."

भैरोबाचा डोंगर चढताना बरोब्बर निम्म्यावर करंजाचं मोठं झाड लागतं. त्या सावलीत आक्काची पाणपोई. पाडव्याला रांजण भरायचे ते मृगापर्यंत भरत राहायचे, एवढाच तिचा उद्योग. आक्का भगवं नेसत नव्हती, माळ ओढत नव्हती, कुणाला उपदेशही करत नव्हती. तरी गावात कुणाचं काही अडलं, की म्हातारी माणसं सांगायची, जा बाबा, आक्काकडे पाणी पिऊन ये. माणूस जायचा आणि येताना जरा हलका होऊन यायचा. आता हे कसं काय, ते विचारू नका. विचारणाऱ्यालाही आक्का पाणीच द्यायची.

तर या पाणपोईचा एक रिवाज होता. इथं आपल्या हातानं पाणी घ्यायचं नाही. आधी प्यायलेल्यानं मागून आलेल्याला पाजायचं आणि मगच जागा सोडायची. मग तो मामलेदार असो नाहीतर मेंढपाळ.

त्या दुपारी नेमका एक मेंढपाळच अडकून बसला होता. सरांना बघून तो खुशीत उठला.

"बसा की, गुरुजी. घाम पुसा. हा गुळाचा खडा..."

"गूळ नको," सर उभ्या उभ्याच म्हणाले. त्यांनी त्याच्या हातून फुलपात्र घेतलं आणि घटाघटा संपवलं.

"सुटलो," म्हणत मेंढपाळ वरच्या पायऱ्यांना लागला.

आक्का हसली. "झालं. आता तुम्ही अडकलात, मास्तर."

मास्तर म्हटलेलं सरांना आवडत नसे. तालुक्यात त्यांना लहानथोर सगळे सर म्हणत. स्टँडसमोर दुमजली इमारतीवर त्यांच्या क्लासची पाटी होती आणि त्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: नव्वद दिवसांत बोलणार म्हणजे बोलणार. बावीस वर्षं ती पाटी खोटी ठरली नव्हती. सर हे कुणालाही सांगत. न विचारताही सांगत.

आणि आता ती पाटी खोटी ठरवायला, सहा महिने होऊनही न बोललेली एक बाई पुरणार होती.

"बुधवारी तिची परीक्षा आहे, आक्का. आज शनिवार. चार दिवसांत तिनं क्लासचं तोंड बघितलेलं नाही."

"सहा महिने तेच बघत होती की."

"ही तिसरी वेळ आहे. तिसरी आणि शेवटची. पुढची संधी नाही, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

कुंदा शेलार तालुक्याच्या दवाखान्यात कंत्राटी नर्स होती. आज कायम करू, उद्या कायम करू, असं ऐकत तिची बारा वर्षं गेली. नवरा गेला, मुलगा आठवीत आला, ऑर्डर काही आली नाही. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तिनं विलायतेतल्या एका हॉस्पिटलात अर्ज केला आणि काय नवल, तिची निवड झाली. मुलालाही घेऊन या म्हणाले. फक्त इंग्रजीची परीक्षा तेवढी द्या.

लेखी ती पहिल्या फटक्यात पास झाली. राहिली बोलायची. त्यात परीक्षक पेशंट होऊन समोर बसतो आणि आपण नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचं असतं. झालं, एवढंच. पण दोन्ही वेळा समोरची बाई 'मला भीती वाटते' म्हणाली आणि कुंदा खिळे ठोकल्यासारखी बसून राहिली. ओठ हलले, आवाज नाही. जागा महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवू, असं तिकडून पत्र आलं होतं.

"मी तिच्यासाठी काय कमी केलंय?" सर म्हणाले. पिशवीतून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला. "हे बघा. माझी पद्धत. एक क्रियापद घ्यायचं आणि त्याची शंभर वाक्यं पाठ करायची. रोजच्या वापरातली. नर्सच्या परीक्षेत 'लुक आफ्टर' हरघडी लागतं, म्हणून त्याची एकशे बारा केली. खास तिच्यासाठी."

"म्हणजे काय होतं त्यात?"

"म्हणजे बघा... 'शी लुक्स आफ्टर हर मदर.' ती आईला सांभाळते. 'हू विल लुक आफ्टर द शॉप?' दुकान कोण बघेल? 'धिस गार्डन इज वेल लुक्ड आफ्टर.' या बागेची निगा चांगली राखलीय. 'प्लीज लुक आफ्टर माय बॅग.' जरा माझ्या पिशवीकडे लक्ष ठेवा. सांभाळणं आलं, निगा आली, राखण आली, शुश्रूषा आली. घरातलं, दुकानातलं, प्रवासातलं. काही म्हणून सोडलेलं नाही."

"छान आहे," आक्का म्हणाली, आणि तिला खरंच छान वाटलं होतं. "मग कुंदाला पाठ नाही का हे?"

"पाठ नाही? झोपेतून उठवून नंबर विचारा. सत्तावन्न म्हणा, सत्तावन्न सांगेल."

"मग बोलत का नाही?"

उत्तर नसलं की सरांना राग यायचा. तसा तो आला.

"तुम्हाला इंग्रजी किती येतं, आक्का?"

"दोन शब्द."

"दोन शब्द," सर म्हणाले.

"मला वाटायचं एकच आहे. एक सिस्टर म्हणाल्या, नाही गं, दोन आहेत." आक्कानं गोणपाट पिळलं, परत रांजणाला गुंडाळलं. "मिशनच्या दवाखान्यात आया होते मी. एकतीस वर्षं. लागले तेव्हा सतरा-अठराची असेन. मोठ्या डॉक्टरीणबाई गोऱ्या होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला मराठीशिवाय काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्या धावत आल्या, चार नंबरच्या खाटेकडे बोट केलं आणि म्हणाल्या, 'यमुना, लुक आफ्टर.' आणि गेल्या तशाच पळत."

सरांनी हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं.

"तेच ते," आक्का म्हणाली. "तुमचंच. तुमच्याकडे एकशे बारा आहेत, माझं आपलं तेवढंच."

आता सरांना हसू आवरेना. ज्या दोन शब्दांवर आपण दोन महिने घालवले, तेच या बाईकडे फुकट निघावेत. पण मास्तर तो मास्तरच. त्यांनी लगेच परीक्षा घेतली.

"मग त्याचा अर्थ काय सांगितला होता डॉक्टरीणबाईंनी?"

आक्कानं तोंड उघडलं. तेवढ्यात खालच्या पायऱ्यांवर काठी वाजली.

"मास्तर, तुमची पाळी," ती म्हणाली.

एक म्हातारी चढून आली होती. सत्तरीची असेल, नऊवारी खोचलेली, चेहरा तांबडालाल, डोळे अर्धे मिटलेले. बोलायचं त्राण नव्हतं, तिनं नुसता हात पुढे केला.

सरांनी ओगराळं रांजणात घातलं, फुलपात्र काठोकाठ भरलं आणि दिलं. कामात ढिलाई त्यांना खपत नसे. म्हातारीनं उभ्या उभ्या तोंडाला लावलं, दोन घोट गेले, तिसरा छातीत अडकला. तिला असा ठसका लागला की काठी सुटून चार पायऱ्या खाली गेली.

"अहो... आजी... अहो," सर म्हणाले. हात कुठे धरावा, पाठ थोपटावी की नको, काही सुचेना.

वरच्या बाजूनं कुणीतरी घागर खाली ठेवल्याचा आवाज आला.

डोंगरावरच्या दगडी टाक्यावरून पाणी घेऊन कुंदा उतरत होती. तिनं सरांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हातारीच्या काखेत हात घालून तिनं तिला दगडावर टेकवलं आणि बोलायला लागली. इंग्रजीत.

"सिट, आजी, सिट. डोन्ट टॉक. ब्रीद. येस... लाइक धिस. स्लोली."

म्हातारी बसली. तिनं श्वास घेतला.

"गुड. व्हेरी गुड. नाऊ टेक धिस." कुंदानं गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला. "फर्स्ट धिस. देन वॉटर. स्मॉल, स्मॉल."

म्हातारीनं गूळ तोंडात टाकला. कुंदानं पदराचं टोक ओलं करून तिच्या मानेवरून फिरवलं.

"बरं वाटलं गं बाई," म्हातारी म्हणाली. "ह्यो उजवा पाय पार गेलाय बघ. पायरी म्हणून उचलंना."

"धिस लेग? शो मी. पेन हिअर? ऑर हिअर?"

"हितं. गुडघ्याच्या वर."

सर तोंड उघडं टाकून बघत होते. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरी मराठी बोलत नव्हती आणि संसार सुखानं चालला होता. जी बाई त्यांच्या क्लासमध्ये 'माय नेम इज'ला अडखळायची, ती इथं अडखळत नव्हती. मुलगा कुठे असतो विचारत होती, गुडघा दाबत होती, हसत होती.

सर आक्काजवळ सरकले. "ही... कधीपासून?"

"चार दिवस झाले. सकाळी ड्युटीवर जाते, दुपारी इथं. मीच म्हटलं, येईल त्याच्याशी तिकडचं बोल."

"पण इथं इंग्रजी कळतं कुणाला?"

"कुणालाच नाही," आक्का म्हणाली. "म्हणून तर."

तिकडे म्हातारी कुंदाचा हात धरून सांगत होती. भैरोबाला नवस आहे, नातीला दिवस गेलेत, वर जायलाच हवं, पण वाटेत पडले तर काय करू, या वयात एकटीनं चढायची भीती वाटते बघ.

भीती वाटते. सरांनी कान टवकारले. ह्याच वाक्याला कुंदा दोनदा अडकली होती.

"डोन्ट वरी, आजी," कुंदा म्हणाली. "आय कम विथ यू. ओके? आय लुक आफ्टर यू..."

"विल!"

आवाज सरांचा होता. तो तोंडातून कसा सुटला ते त्यांनाही कळलं नाही. बावीस वर्षांची जीभ, ती थोडीच थांबणार.

"आय विल लुक आफ्टर यू. विल राहिलं. वाक्य नंबर सतरा, कुंदा."

कुंदाचा हात जागच्या जागी थांबला.

तिनं मान वर केली. आत्ता कुठे तिला सर दिसले. ओठ हलले. आय... आय... आणि मग नुसतेच हलत राहिले. फुलपात्र तिरकं झालं आणि उरलेलं पाणी म्हातारीच्या मांडीवर सांडलं.

करंजाचं एक पान खाली आलं.

म्हातारीनं आधी कुंदाकडे बघितलं, मग सरांकडे, मग पुन्हा कुंदाकडे.

"का गं, गप का झालीस? बोलत होतीस की चांगली. मला समदं कळत होतं."

कुंदाच्या डोळ्यांत पाणी भरलं. तिनं तोंड फिरवलं आणि घागर उचलून रांजणात ओतायला लागली. तिची पाठ हलत होती.

सरांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच आवाजाची लाज वाटली. क्लासमध्ये सहा महिने ही बाई अशीच अडकत होती आणि आपण समजत होतो, पाठांतर कमी पडतंय. शंभराची एकशे बारा केली. आणखी अडकली. तिला पेशंट दिसायच्या आधी आपण दिसत होतो, हातात लाल पेन घेतलेले. हे त्यांना आता कळलं, आणि कळल्यावर कुठे बघावं ते कळेना.

आक्का उठली. तिनं ओगराळं घेतलं आणि सरांच्या हातात दिलं.

"मास्तर, तुमची पाळी अजून फिटली नाही. म्हातारी तहानलेलीच आहे."

सरांनी मुकाट्यानं फुलपात्र भरलं. या वेळी निम्मंच.

"आणि बोला तिच्याशी," आक्का म्हणाली. "इंग्रजीत."

"मी?"

"तुम्ही. तुम्हाला तर पुष्कळ येतं."

सर म्हातारीसमोर दगडावर टेकले. पँटला धूळ लागली. म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं, वाट बघितल्यासारखं. सरांनी मनातल्या मनात पहिलं वाक्य काढलं. शी लुक्स आफ्टर हर मदर. ते इथलं नव्हतं. दुकानाचं नव्हतं. बागेचं नव्हतं. पिशवी, कुत्रा, शेजाऱ्याचं घर... सर एकेक उचलत होते आणि ठेवत होते. नंबर सतरा तेवढं जवळचं होतं, पण त्यानंच तर मगाशी कुंदाचं तोंड मिटवलं होतं. एकशे बारा वाक्यं आणि ह्या तांबड्यालाल चेहऱ्याला द्यायला त्यातलं एक धजेना. त्यांची जीभ टाळूला चिकटली.

असं होत असणार तर तिला, सरांना वाटलं.

"स्लोली," ते अखेर म्हणाले. कुंदाचाच शब्द होता, उसना घेतलेला. "स्मॉल, स्मॉल."

म्हातारीनं एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला.

सरांनी इकडेतिकडे बघितलं. वारा पडला होता आणि म्हातारीच्या गळ्यावरून घामाचे ओघळ चालले होते. त्यांनी तो एकशे बारा वाक्यांचा गठ्ठा उचलला आणि तिला वारा घालायला लागले. गठ्ठा जाड होता. वारा बरा लागत होता.

"गुणाचा आहे गं हा," म्हातारी कुंदाला म्हणाली. "मगाशी उगी वरडला, पण गुणाचा आहे."

कुंदा रडता रडता हसली. आणि ती हसली म्हणून सरांनाही हसू आलं. आक्का तर आधीपासूनच पदरात हसत होती.

म्हातारीनं पाणी संपवलं. रिकामं फुलपात्र तिच्याच हातात होतं आणि रिवाज तिला ठाऊक होता. समोर कुंदा उभी, सकाळपासून दवाखाना आणि दुपारी टाक्याच्या खेपा, ओठ सुकून पांढरे पडलेले. म्हातारीनं ओगराळं मागून घेतलं, पाणी भरलं आणि कुंदाचा हात धरून तिला शेजारी ओढलं.

"शिट," म्हातारी म्हणाली. "शिट हितं. सोली."

आता कोण हसायचं राहिलं? कुंदा बसली. गूळ खाल्ला. पाणी प्यायली, घोट घोट. मग तिनं म्हातारीची काठी आणून दिली, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघी वरच्या पायऱ्या चढायला लागल्या. आपली पाजायची पाळी तिनं परत येऊन फेडायची, असं आक्कानं बजावलं.

"कम, आजी. वन स्टेप. गुड. वन मोअर. आय लुक आफ्टर यू, डोन्ट वरी."

सरांनी ओठ घट्ट मिटले. जीभ दातांखाली धरली. शिवशिवत होती, पण धरली.

आवाज वर वर जात ऐकू येईनासा झाला, तेव्हा ते म्हणाले, "आक्का, बुधवारपर्यंत मी काय करू?"

"रांजण उद्या सकाळी घासायचेत," आक्का म्हणाली.

सर रविवारी आले, सोमवारी आले, मंगळवारीही आले. क्लासवर 'सर बाहेरगावी' असा कागद चिकटवला होता. सरांनी रांजण घासले, खेपा घातल्या, गूळ फोडला. कुंदा बोलत होती आणि सर तिच्याकडे पाठ करून बसत होते. पहिल्या दिवशी त्यांनी मोजून एकवीस चुका ऐकल्या. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत मोजल्या आणि मग एका लंगडणाऱ्या माणसाच्या नादात मोजायचं राहूनच गेलं. मंगळवारी मोजल्याच नाहीत.

बुधवार झाला. मग अडीच आठवडे कुणाच्याच घशाखाली घास उतरेना.

ज्या दिवशी निकाल आला, त्या दिवशी सर भर दुपारी डोंगर चढले. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा लहान पोरासारखा. पाणपोईवर एक शिक्षिकाबाई अडकून बसल्या होत्या. त्यांनी सरांना बसवलं, गूळ दिला. सरांनी मानेचा घाम पुसला, गूळ चघळला, एकेक घोट घेत पाणी संपवलं. बाई सुटल्या. सर अडकले आणि आरामात पाय पसरून बसले.

"पास झाली, आक्का."

आक्कानं रांजणावर डोकं टेकवलं.

"काठावर, पण झाली," सर म्हणाले. "कुंदा सांगत होती, परीक्षा घ्यायला बसलेली बाई पेशंटचं सोंग करून म्हणाली, उद्या माझं ऑपरेशन आहे, मला भीती वाटते. आणि बोलता बोलता तिचा घसा सुकला. हा सोंगाचा भाग नव्हता, सकाळपासून बोलून बोलून खरंच सुकला होता. कुंदानं काय करावं? टेबलावरचा ग्लास उचलून आधी तिच्या हातात दिला. म्हणाली, सिट बॅक, फर्स्ट वॉटर, स्मॉल, स्मॉल. मग पुढचं सगळं आपोआप आलं म्हणे. आपण परीक्षेत आहोत हेच विसरले, म्हणाली."

"आणि ते तुमचं... विल?"

"राहिलंच," सर म्हणाले आणि मोठ्यानं हसले. "त्याचे मार्क गेले. शेवटपर्यंत राहिलं बघा."

त्यांनी पेढा आक्काच्या हातावर ठेवला. दोघं खात बसले. खाली वाटेवर अजून कुणी दिसत नव्हतं. पाटी उतरवली आहे, सर म्हणाले. नवी लिहायला टाकलीय, पण तिच्यावर काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही. क्लासच्या दारात मात्र एक माठ ठेवलाय आणि आल्या आल्या एकानं दुसऱ्याला पाणी द्यायचं, बोलत बोलत, असं सुरू केलंय. पोरं चुकतात फार. पण आवाज येतो वर्गातून. बावीस वर्षांत इतका आवाज कधी नव्हता.

आक्का ऐकत होती. तिला बरं वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"एक राहिलं, आक्का," सर म्हणाले. "त्या दिवशी म्हातारी आली आणि तुमचं उत्तर अर्धंच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला नुसते दोन शब्द सांगितले आणि गेल्या. मग त्याचा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला? कळला कधी?"

आक्कानं हात झटकले आणि वाटेकडे बघितलं. खालच्या वळणावर उन्हातून कुणीतरी चढून येत होतं. तिनं ओगराळं सरांच्या हातात दिलं.

"अर्थाला वेळ कुठं होता, मास्तर... चार नंबरच्या खाटेला तहान लागली होती."